काचपेटीतल्या बाळाची फिजिओथेरपी: हात ठेवून नेमकं काय करतात, आणि चोळायचं कधी?

खानापूर तालुक्यातल्या एका बाळंतीण ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं. बाळ 30 आठवडे भरले तेव्हाच झालं, वजन 1250 ग्रॅम. आज 20 दिवसांचं आहे आणि बेळगावात एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. सीपॅप (नाकातून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) निघालाय, नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी आहे, दूध नळीने चाललंय. फिजिओ मॅडम रोज येतात, पण व्यायाम एकही घेत नाहीत. दहा मिनिटं हात ठेवतात, कापडाची गुंडाळी सारखी करतात आणि जातात. बाळाचे हातपाय तर सैल पडलेत, मग पैसे कशाचे? सासूबाई म्हणतात, गावात चोळणारी मावशी आहे, घरी नेऊन तेलाने चांगलं चोळलं की जोर येईल. ते कधी सुरू करायचं? आणि शेवटी, माझं बाळ चालेल ना?

ताई, मी याच भागात नवजात बाळांची फिजिओथेरपी करते. खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडची कमी दिवसांची बाळं वर्षानुवर्षं माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि तुमचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. त्याच्या मुळाशी एक समजूत आहे: हातपाय सैल म्हणजे ताकद कमी, आणि ताकद कमी म्हणजे व्यायाम हवा. मोठ्या माणसाला हे लागू पडतं. 30 आठवड्यांच्या बाळाला लागू पडत नाही. म्हणून आधी सैलपणाचं बोलू, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतील.

बाळाचा जन्म होऊन 20 दिवस झाले, पण पोटातल्या हिशेबाने ते आज जेमतेम 33 आठवड्यांचं आहे. अजून सात आठवडे ते तुमच्या पोटात असायला हवं होतं. स्नायूंचा घट्टपणा गर्भात खालून वर चढत येतो. 28 आठवड्यांचं बाळ जवळजवळ सरळ, पसरलेलं असतं. 32 च्या आसपास मांड्या आणि गुडघे दुमडायला लागतात, 36 च्या सुमारास कोपरं दुमडून हात छातीकडे यायला लागतात, आणि दिवस भरले की बाळ मुठी वळून, पाय पोटाशी घेऊन जन्माला येतं. तेव्हा तुमच्या बाळाचे पाय थोडेसे दुमडलेले आणि हात मात्र सैल, असं दिसत असेल तर ते वयाप्रमाणेच आहे. तो अशक्तपणा नाही.

अडचण दुसरीच आहे. पोटात शेवटच्या महिन्यांत जागा कमी असते. बाळ हात-पाय ताणतं, गर्भाशयाची भिंत लागते आणि पाय परत दुमडतो. हे दिवसातून असंख्य वेळा होतं. भोवती पाणी असल्यामुळे शरीराचं वजनही फारसं जाणवत नाही. पेटीतल्या सपाट गादीवर यातलं काहीच नाही. वजन खाली ओढतं, खांदे मागे पडतात, हात दोन्ही बाजूंना पसरतात, मांड्या बाहेरच्या अंगाला पडून गादीला टेकतात. बाळ पाय ताणतं, पण पुढे काहीच लागत नाही, मग पाय तसाच राहतो. असे आठवडेच्या आठवडे गेले तर खांद्यामागचे स्नायू आखडतात, मान मागे जायची सवय लागते. पुढे तीन-चार महिन्यांचं झाल्यावर ते बाळ दोन्ही हात छातीसमोर आणून एकमेकांना धरू शकत नाही, उचललं की पाठीची कमान करतं, रांगायला उशीर करतं. मेंदूला काहीही झालेलं नसताना, निव्वळ पडून राहण्यामुळे हे होऊ शकतं.

आता ती कापडाची गुंडाळी आठवा. मऊ सुती कापड गुंडाळून बाळाच्या भोवती घातलेलं असतं, पायांच्या खालून वळून दोन्ही बाजूंनी वर येतं. पुढच्या वेळी नीट बघा: बाळाचे तळपाय त्या गुंडाळीला टेकतात का? टेकले पाहिजेत. बाळ पायाने ढकलतं, गुंडाळी लागते, पाय दुमडून परत येतो. त्याचा व्यायाम तो हाच, आणि तो ते स्वतःच्या वेगाने, झोपता झोपता करतं. खांद्यांच्या मागे पातळ घडी असेल, म्हणजे हात पुढे, तोंडाजवळ येतात. बाळ हात तोंडाशी नेतं, चाटतं, शांत होतं. ही घडी दोन बोटं जरी सरकली तरी खांदा मागे पडतो. फिजिओ मॅडम रोज ‘कापड सारखं करतात’ म्हणजे ही मांडणी बघतात. वजन वाढतं तशी गुंडाळीची जागा बदलावी लागते, डोकं एकाच कुशीवर राहून चपटं होऊ नये म्हणून कूस बदलावी लागते, श्वास कसा चाललाय त्यानुसार कधी पालथं ठेवावं लागतं. पालथं ठेवल्यावर पुष्कळ बाळांचं ऑक्सिजन सुधारतं. पण ते मॉनिटर लावलेल्या बाळासाठीच. घरी झोपवताना उताणंच. याबद्दल पुढे सांगते.

आणि हात ठेवणं? एक तळवा डोक्यावर टोपीसारखा, दुसऱ्या हाताने दोन्ही पाय दुमडून पोटाशी धरलेले. दाब स्थिर. थोपटायचं नाही, बोटं फिरवायची नाहीत. हलक्या हाताने कुरवाळलं तर या वयाच्या बाळाला ते त्रासदायक वाटतं, स्थिर हाताने धरलं तर ते सैलावतं. त्या दहा मिनिटांत माझी नजर बाळावर आणि मॉनिटरवर असते. बोटं फाकली, बाळाने हात झटकून पसरले, जांभया-उचक्या-शिंका सुरू झाल्या, कपाळाला आठ्या आल्या, अंगावर निळसर-लाल जाळी दिसली, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) घसरलं, तर ते ‘आता पुरे’ म्हणतंय. हात तिथेच स्थिर ठेवून थांबायचं. उलट हात तोंडाकडे गेला, माझं बोट धरलं, श्वास एकसारखा झाला, चेहरा मोकळा झाला, तर आज थोडं पुढे जाता येईल. पुढे जायचं म्हणजे काय, तर कुशीवर वळवून दोन्ही हात समोर आणायचे, खांदा हलकेच पुढे घ्यायचा, खुब्याला जेवढा मोकळेपणा आहे तेवढाच पाय हलवून बघायचा. बस.

हेच धरणं तुम्हालाही शिकता येतं. टाचेतून रक्त काढताना, सलाईनची सुई लावताना कोणीतरी असं धरून ठेवलं तर बाळाला दुखणं कमी जाणवतं, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. सिस्टरना विचारा, ‘सुई लावताना मी धरू का?’ बहुतेक हो म्हणतात.

लंगोट बदलतानाची एक गोष्ट. दोन्ही पाय धरून कमरेपासून वर उचलायचं नाही. तसं केलं की रक्त एकदम डोक्याकडे जातं आणि कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. बाळाला एका कुशीवर वळवून लंगोट काढायचा-घालायचा. सावकाश.

याच कारणासाठी पहिल्या 72 तासांत मी अशा बाळाला जवळपास हातच लावत नाही. मेंदूतला रक्तस्राव व्हायचा असेल तर बहुतेक वेळा तो या तीन दिवसांत होतो. तेव्हा डोकं सरळ मध्ये ठेवणं, डोकं खाली आणि पाय वर अशी स्थिती टाळणं, सगळ्यांनी मिळून बाळाला कमीत कमी हलवणं, एवढंच काम. त्या दिवसांत फिजिओने काही केलं नाही तर तो तिचा शहाणपणा समजा.

छाती ठोकण्याबद्दलही लिहिते, कारण बाजूच्या पेटीतल्या बाळाची ‘छातीची फिजिओ’ चालते आणि आपल्या बाळाची नाही, म्हणून लोक अस्वस्थ होतात. कमी दिवसांच्या बाळाची छाती सरसकट ठोकणं, थरथरवणं आज योग्य मानत नाहीत. फार लहान बाळांची छाती वारंवार ठोकली गेली, डोकं हिंदकळत राहिलं आणि त्याच बाळांमध्ये पुढे मेंदूला इजा आढळली, असे अनुभव 1990 च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत आले, आणि सगळ्या जगाने हात आखडता घेतला. कफ साचून फुप्फुसाचा एखादा भाग बसला असेल तर डॉक्टरांशी बोलून, स्थिती बदलून, गरजेपुरतं सक्शन करून, म्हणजे नळीने कफ ओढून काम होतं. क्वचित त्यापुढे जावं लागतं. तुमचं बाळ सीपॅपवरून उतरलंय, तेव्हा त्याला याची गरज नसणार. कोणी रोज नियमाने छाती ठोकत असेल तर कारण विचारा. विचारण्यात काही वावगं नाही.

हाडांचं राहिलं. बाळाच्या हाडांतलं सुमारे 80 टक्के कॅल्शियम शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून येतं. तुमच्या बाळाला त्यातला मोठा वाटा मिळालाच नाही. म्हणून त्याला कॅल्शियम-फॉस्फरस आणि ‘ड’ जीवनसत्त्व वेगळं दिलं जातं, आणि म्हणूनच जोर लावून हात-पाय ताणले, पिळले तर हाड मोडू शकतं. पूर्ण दूध पचवणाऱ्या, स्थिर झालेल्या बाळांना अगदी हलक्या हाताने सांधे हलवण्याचा कार्यक्रम काही ठिकाणी देतात. वजन आणि हाडं यांना त्याचा थोडा फायदाही दिसतो. पण तो कधी द्यायचा हे बाळागणिक ठरतं. मी हाडांचे रक्ताचे रिपोर्ट बघितल्याशिवाय देत नाही.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. गावाकडची मावशी भाकरीचं पीठ मळल्यासारखं बाळ मळते, मग पायाला धरून उलटं टांगते, हात-पाय आडवे-तिडवे ताणते, नाकात-कानात तेलाचे थेंब सोडते, न्हाऊ घालून धुरीवर धरते. दिवस भरलेल्या धडधाकट बाळालाही यातलं बरंच काही मी करू देत नाही. तुमच्या बाळाला तर बिलकुल नाही. टांगणं नाही, ताणणं नाही, नाकात तेल नाही. धुरी तर अजिबात नाही, त्याची फुप्फुसं आत्ताच ऑक्सिजनवरून उतरतायत.

पण तेल लावणं वाईट नाही, हेही सासूबाईंना आवर्जून सांगा. कमी वजनाच्या बाळाच्या अंगाला हलक्या हाताने नारळाचं तेल लावलं तर कातडीचं रक्षण होतं, ऊब टिकते, वजनवाढीलाही मदत होते असं दिसलंय. मोहरीचं तेल नको, त्याने नाजूक कातडी बिघडू शकते. एनआयसीयूत असेपर्यंत डॉक्टर सांगतील तेव्हाच. घरी आल्यावर, वजन रोज वाढतंय आणि दूध नीट पितंय असं दिसलं की, दूध पाजून तासभर तरी झाल्यावर, उबदार खोलीत, तळहाताने सरळ लांब हात फिरवत पाच-दहा मिनिटं. आईने किंवा आजीने. बाळ रडायला लागलं, बोटं फाकायला लागली की थांबायचं. जोर यायचा तो चोळण्याने येत नाही. तो येतो बाळाने स्वतः हललं की.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुमच्या प्रश्नात कांगारूचा, म्हणजे बाळाला उघड्या छातीवर कातडीला कातडी लावून धरण्याचा उल्लेख नाही. देत नसाल तर उद्यापासून विचारा. देत असाल आणि दिवसातून अर्धा तासच देत असाल, तर वाढवा. बाळाला फक्त लंगोट, टोपी आणि मोजे. तुमच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं, डोकं एका बाजूला वळवलेलं, हनुवटी छातीत रुतणार नाही इतपत वर. मांड्या दुमडून बाहेर, हात दुमडून तुमच्या छातीवर. वरून मऊ सुती लुगड्याचा किंवा ओढणीचा पट्टा, बाळाच्या कानाच्या खालपर्यंत. तुम्ही मागे टेकून बसायचं. बाळाला पेटीतून काढणं-ठेवणं हाच त्याला मोठा ताण असतो, म्हणून एकदा घेतलं की निदान एक तास तरी उतरवायचं नाही.

फिजिओच्या नजरेने बघा. हातपाय दुमडलेले, मध्याशी जमलेले, तळहाताखाली जिवंत ऊब, तुमचा श्वास वर-खाली होतो तसं त्याच्या अंगाला हलकं हलणं. अधूनमधून ते डोकं उचलून दुसरीकडे वळवायचा प्रयत्न करतं, तो त्याच्या मानेचा पहिला व्यायाम. मी दहा मिनिटांत जे करू बघते ते तुमच्या छातीवर तासन्‌तास होत राहतं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978 च्या सुमारास पेट्या कमी पडल्या म्हणून हे सुरू झालं. 2021 मध्ये आपल्या देशासह पाच देशांत मिळून झालेल्या अभ्यासात जन्मानंतर लगेच कांगारू सुरू केलेल्या बाळांचे मृत्यू सुमारे 25 टक्क्यांनी कमी झाले. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला दिवसातून 8 ते 24 तास, जमेल तितकं, कांगारू द्यावं.

आठ तास एकट्या बाळंतिणीला जमत नाही. टाके असतात, पाठ दुखते, दूध काढायचं असतं. म्हणून बाकीच्यांना घ्या. बाळाचे बाबा देऊ शकतात. आणि सासूबाईही देऊ शकतात! आपल्याकडे सोयर, दहा-बारा दिवस शिवायचं नाही, बाळंतिणीने अंधाऱ्या खोलीत शेगडीपाशी बसायचं, अशा कारणांनी बाळ बेळगावात आणि आई गावात असं मी पुष्कळदा बघते. तुमच्या सासूबाईंना बाळाच्या अंगात जोर आणायचाय, त्यांच्या हाताला काम हवंय. त्यांना आंघोळ करून, स्वच्छ लुगडं नेसून, नखं कापून, सर्दी-खोकला नसताना येऊ द्या आणि एक तास बाळ त्यांच्या छातीवर द्या. चोळणाऱ्या मावशीचा विषय बऱ्याच घरांत त्यानंतर आपोआप मागे पडतो.

दुधाकडेही फिजिओचं लक्ष असतं. चोखणं, गिळणं आणि श्वास या तिन्हींचा मेळ साधारण 32 ते 34 आठवड्यांत बसायला लागतो, म्हणजे तुमचं बाळ आत्ता त्याच उंबऱ्यावर आहे. नळीने दूध चालू असताना त्याला रिकाम्या केलेल्या स्तनाला लावून बघायचं, गालांना-ओठांना हलका स्पर्श द्यायचा, म्हणजे पोट भरणं आणि चोखणं यांची सांगड बसते. मग वाटी-चमचा किंवा बोंडलं. बाटली नको. बोंडलं दर वेळी उकळून घ्यायचं. घुटी, मध, ग्राइपवॉटर काही नाही.

पैशांचं विचारलंत. खासगी दवाखान्यात दर वेगवेगळे असतात, त्यावर मी बोलत नाही. पण फिजिओंना रोज एक प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे: ‘आज काय बघितलं, आणि मी काय करू?’ याचं उत्तर मिळत असेल आणि तुमचे हात रोज थोडे अधिक शिकत असतील, तर पैसे सार्थकी लागतायत. फाइलवर सही होते आणि तुम्हाला काहीच सांगितलं जात नाही असं असेल, तर डॉक्टरांशी बोला. एनआयसीयूतल्या सिस्टर कन्नडमध्ये सांगतात, कागद इंग्रजीत असतात, तुम्ही मराठीत ऐकता, यात अर्धं हरवतं. म्हणून तोंडी ऐकून ‘हो हो’ म्हणू नका. ‘करून दाखवा, मग मी करून दाखवते’ असं म्हणा. हाताने दाखवलेलं कोणत्याही भाषेत कळतं. खर्च परवडत नसेल तर हेही माहीत असू द्या की सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत.

तुम्ही विचारलं नाही, पण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही: डोळ्यांची तपासणी. 34 आठवड्यांच्या आत किंवा 2000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासलाच पाहिजे. कमी दिवसांच्या बाळाच्या पडद्याला जो आजार होतो त्याला आरओपी म्हणतात. वेळेत सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते, उशीर झाला तर कायमची जाते. कर्नाटकात खेड्यापाड्यातल्या बाळांसाठी किडरॉपसारखा कार्यक्रम 2008 पासून याच कामासाठी चालतो. तुमच्या बाळाला 20 दिवस झालेत, म्हणजे हातात दहा दिवस आहेत. उद्या सकाळी राउंडला विचारा: ‘आरओपीची तारीख कोणती?’ पडदा तपासताना बाळाला त्रास होतो, तेव्हा ते मघाचं धरणं वापरा. कानाची तपासणीही सुट्टीच्या आधी किंवा लगेच नंतर करून घ्या.

आता चालण्याचं. या वजनाची, या दिवसांची बहुसंख्य बाळं चालतात. पण तुमच्या बाळाबद्दल छातीठोक शब्द मी इथून देणार नाही, कारण ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. टाळूवरून केलेल्या डोक्याच्या सोनोग्राफीत काय दिसलं? रक्तस्राव असेल तर कितव्या श्रेणीचा? पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची बहुतेक बाळं चांगली निघतात, तिसऱ्या-चौथ्या श्रेणीला डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. मेंदूच्या पोकळ्यांशेजारच्या पांढऱ्या भागाला इजा आहे का? पायांना हुकूम नेणारे तंतू त्या पोकळ्यांच्या सगळ्यात जवळून जातात, म्हणून कमी दिवसांच्या बाळांत हातांपेक्षा पायच जास्त कडक होताना दिसतात. ही इजा पहिल्या सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. तीन-चार आठवड्यांनी आणि दिवस भरण्याच्या सुमारास पुन्हा सोनोग्राफी लागते. जंतुसंसर्ग किती झाला, कावीळ किती वाढली, व्हेंटिलेटर किती दिवस होता, हेही बघावं लागतं.

आणि वय मोजताना करेक्टेड वयच मोजायचं, म्हणजे बाळ जितकं आधी आलं तितके आठवडे वजा करून. तुमचं बाळ दहा आठवडे आधी आलं, म्हणून जन्मतारखेप्रमाणे सहा महिन्यांचं होईल तेव्हा ते खरं साडेतीन महिन्यांच्या आसपासचं. शेजारचं सहा महिन्यांचं बाळ बसायला लागलं म्हणून आपलं मागे पडलं असं नसतं. दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं. लस मात्र जन्मतारखेप्रमाणे, डॉक्टर सांगतील तशी. आधाराशिवाय बसणं सव्वानऊ महिन्यांपर्यंत आणि स्वतः चालणं साडेसतरा महिन्यांपर्यंत स्वाभाविक धरतात, तेही करेक्टेड वयाने.

या भागात बाळं एनआयसीयूत फारशी हातची जात नाहीत. ती हातची जातात सुट्टीनंतर. बाळ घरी येतं, दूध पितं, वजन धरतं, दिसायला गोंडस होतं, आणि तपासणीची तारीख मागे पडते. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात बाळाला घेऊन निघणं सोपं नाही हे मला माहीत आहे. निपाणीकडचे लोक कोल्हापूरला दाखवतात, मग कागद एका गावात आणि डॉक्टर दुसऱ्या. एकदम वर्षाने येतात: ‘मॅडम, अजून बसत नाही.’ तोपर्यंत सगळ्यात मोलाचे महिने निघून गेलेले असतात. मेंदू पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त वळतो आणि शिकतो, आणि आज आपण धोका असलेलं बाळ सहा महिन्यांच्या आत ओळखू शकतो.

त्यासाठी एक काम तुम्हाला गावातूनही करता येईल. करेक्टेड वय तीन महिन्यांचं होईल तेव्हा बाळाला उताणं, नुसत्या लंगोटीत, जागं आणि खुशीत असताना सपाट अंथरुणावर ठेवा आणि मोबाइलवर तीन मिनिटं व्हिडिओ काढा. वरून, पूर्ण अंग दिसेल असा. खुळखुळा नाही, बोलणं नाही, तोंडात काही नाही. या वयात बाळाच्या मानेत, धडात, मनगटात, घोट्यात सतत लहान लहान गोलसर हालचाली चालू असतात. त्या नीट असतील तर मोठा दिलासा मिळतो, नसतील तर त्याच आठवड्यात उपचार सुरू करता येतात. हे वाचायला शिकलेला माणूस लागतो, म्हणून व्हिडिओ तुमच्या फिजिओंना पाठवा. या हालचाली पाच महिन्यांच्या पुढे मावळतात, म्हणून तारीख चुकवू नका.

घरी गेल्यावरचं थोडक्यात. झोपवताना उताणं, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, उशीशिवाय. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात, ती नको. झोळी नको, त्यात हनुवटी छातीवर पडून लहान बाळाचा श्वास अडतो. जागं असताना मात्र दिवसातून पुष्कळ वेळा तुमच्या छातीवर किंवा मांडीवर पालथं, तुमच्या नजरेसमोर. पुढे चाकाचा गोल वॉकर आणू नका, त्यात लोंबकळून बाळ चवड्यांवर चालायला शिकतं. स्वतः उभं राहून तोल सावरायला लागलं की लाकडी पांगुळगाडा चालेल. तीन महिन्यांनंतरही मुठी सतत मिटलेल्या, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणारे, एकच हात वापरणं, उचलताना पाठीची कमान, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आशाताई घरी येतील तेव्हा त्यांच्या नोंदीत आणि तायी कार्डावर (कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड) ‘30 आठवडे, 1250 ग्रॅम, एनआयसीयू’ हे लिहून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर अशा बाळांसाठी लवकर उपचाराच्या केंद्राची सोय आहे, तिथे पाठवायला ही नोंद उपयोगी पडते. आणि सुट्टीच्या कागदाचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा.

डोक्याच्या सोनोग्राफीच्या कागदावर खालच्या दोन ओळींत जे लिहिलंय ते जसंच्या तसं इथे लिहा, नाव झाकून. व्हेंटिलेटर लागला होता का आणि किती दिवस, तेही. मग दिवस भरण्याच्या सुमारास काय काय तपासून घ्यायचं आणि पहिल्या तीन महिन्यांत कितीदा यायचं, ते तुमच्या बाळापुरतं सांगते.